सुलतानपूरहून डोणगावला, रोज थोडं थोडं

बुलढाणा जिल्ह्यात जाऊन आलो म्हटल्यावर आमच्या सोसायटीतल्या प्रत्येकाने एकच विचारलं, "तिकडे काय बघितलंत?" खरं सांगायचं तर मी तिकडे काही बघायला गेलोच नव्हतो. मी सांगायला गेलो होतो. एकतीस वर्षं पुण्याच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं की माणसाला ही खोड लागते, आणि निवृत्तीनंतर ऐकणारे कमी झाले की ती जास्तच उफाळून येते.

झालं असं की जानेवारीत अंजुमचा फोन आला. अंजुम माझी जुनी विद्यार्थिनी, एम.ए.ला वर्गात पहिली आलेली. आता मेहकर तालुक्यातल्या डोणगावात, आपल्या गावी, शाळेत शिकवते. इकडचं तिकडचं न बोलता तिने एकदम विचारलं, "सर, तुम्ही आम्हाला जगण्याचं प्रयोजन शिकवायचात. माझ्या भावाला येऊन शिकवाल?"

तिचा धाकटा भाऊ इरफान. वय बत्तीस. घरचा धंदा पिंजाऱ्याचा, म्हणजे कापूस पिंजून गाद्या-रजया भरण्याचा. दिवाळीच्या आधी तो आणि त्याचा लहानपणापासूनचा मित्र गजू मोटारसायकलवर सुलतानपूरला दोन रजया पोचवायला गेले होते. परत येताना डोणगाव पाच-सहा किलोमीटर राहिलं असताना रस्त्यात रोही आडवा आला. रोही म्हणजे नीलगाय. गजू जागच्या जागी गेला. इरफानच्या कोपराला खरचटलं. तेव्हापासून तो एकच प्रश्न विचारत होता, "मी काऊन वाचलो?" काऊन म्हणजे का. आणि एका संध्याकाळी बहिणीला म्हणाला होता, याचं उत्तर मिळालं नाही तर मला इथं राहायचं नाही.

"डॉक्टरांना दाखवलं का?" मी विचारलं.

"बुलढाण्याला दाखवलं सर. गोळ्या चालू आहेत. आम्ही त्याला एकटं सोडत नाही. गोळ्यांनी झोप लागते, पण जागा झाला की प्रश्न आहेच."

मी छाती फुगवून हो म्हटलं. बायको माझ्या बॅगेत स्वेटर भरता भरता म्हणाली, "तुमच्या पोरांना ते परीक्षेपुरतं कळलं तरी चालायचं. या मुलाला खरोखरचं कळायला हवंय. जपून बोला." मला तिचा रागच आला. आता येत नाही.

मलकापूरहून पुढे

गाडीने मलकापूरला सकाळी सोडलं. कापसाचा बाजार असलेलं गाव. स्टेशनाबाहेर रस्त्याच्या कडेला, झाडाच्या बुंध्याशी, तारेच्या कुंपणावर, जिकडे तिकडे पांढरा कापूस अडकलेला. चहा घेतला, पोहे खाल्ले, पोह्यांवर तर्री घालून देतात हे माहीत नसल्यामुळे पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी काढलं, आणि एसटीत बसलो. राजूरचा घाट चढून गाडी बुलढाण्याला आली तेव्हा शेजारी एक धोतरवाले आजोबा येऊन बसले. पायाशी पिशवी, पिशवीत एक अख्खा भोपळा.

मला वाटलं, सराव करून घ्यावा. लोकांना जगणं कशासाठी वाटतं, ते त्यांच्याच तोंडून ऐकावं, म्हणजे इरफानला सांगताना दाखले हाताशी राहतील. थोडी ओळख झाल्यावर मी नम्रपणे विचारलं, "आजोबा, तुम्ही कशासाठी जगता?"

आजोबांनी मान वळवून मला नखशिखान्त न्याहाळलं.

"काऊन?" ते म्हणाले. "माझ्या जगण्याची तुम्हाले काही अडचन होऊन राह्यली का?"

पुढच्या सीटवरचे दोघे वळून बघायला लागले. मी घाईघाईने म्हटलं, तसं नाही, मी प्राध्यापक आहे, अभ्यास म्हणून विचारतोय.

"मंग अभ्यासात लिहून घ्या," आजोबा म्हणाले, "का बुढ्याले चिखलीले उतराचं हाय अन् भोपया पोरीकडे द्याचा हाय. त्याच्या पुढचं मले मालूम नाही." आणि चिखलीला ते खरोखरच उतरून गेले. जाताना माझ्याकडे जरा काळजीने बघून कंडक्टरला काहीतरी म्हणाले. तेव्हापासून डोणगावपर्यंत कंडक्टर दर दहा मिनिटांनी येऊन "सर, बरं हाय ना?" असं विचारत होता. मी चाट पडलो. आमच्याकडे हा प्रश्न विचारला की लोक उडवाउडवीचं उत्तर देतात किंवा पुस्तक सुचवतात. इथे लोकांना वाटतं, विचारणाराच धड नाही.

डोणगाव, पहिला दिवस

डोणगाव मोठं गाव आहे. तूर आणि सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेली दुकानं, ट्रॅक्टर, मोबाइलचे फलक, सगळं आहे. अंजुमचं घर मशिदीच्या मागच्या गल्लीत. पुढच्या खोलीत पिंजायचं यंत्र, त्याच्यामागे राहतं घर. तिचे वडील रहीमचाचा दारातच उभे होते. पापण्यांवरसुद्धा कापसाचा तूस. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

इरफान आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. उंच, रुंद खांद्यांचा, सुरेख माणूस. दाढी वाढलेली. मला बघून उठला, पाणी आणून दिलं, परत बसला. मी वेळ दवडला नाही. जेवणं झाल्यावर तासभर बोललो. सुखासाठी जगावं म्हणणारे, कर्तव्यासाठी जगावं म्हणणारे, मोक्ष हेच प्रयोजन मानणारे, आणि जगण्याला अर्थ नसतोच, तो आपण घालायचा असतो असं म्हणणारे. चारही बाजू मांडल्या. मला स्वतःला भाषण चांगलं झाल्यासारखं वाटलं. अंजुम दारात उभी राहून ऐकत होती, वर्गात ऐकायची तशी.

इरफानने शेवटपर्यंत ऐकलं. मग अगदी अदबीने म्हणाला, "सर, हे जगणाऱ्यायचं झालं. मी जगून नाही राह्यलो. मी वाचलो."

एकतीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने मला असं उघडं पाडलं नव्हतं.

संध्याकाळी रहीमचाचा रजई भरत बसले होते. कापूस खोळीवर पसरायचा, काठीने हलकेच झोडून सारखा करायचा, हात फिरवून गाठ लागते का बघायची. मी शेजारी बसलो. त्यांनाही विचारलं. ते हसले.

"सर, रजई कोन पांघरन हे पिंजाऱ्याले कुठं मालूम राह्यते? कोनी नवरी पांघरते, कोनी बुढा पांघरते, कोनी मरता मरता पांघरते. आपन रुई बराबर पसरवाची. गाठ राहू द्याची नाही. अल्लामियाँनं मले इतकंच काम सांगतलं. कशापाई हे त्यानं आपल्याजवळ ठेवलं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पर पोराच्या बाबतीत मले असं बोलता येत नाही, सर. तिथं माझी जबान बंद होते."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला माझ्या दुपारच्या भाषणाची पहिल्यांदा लाज वाटली.

दुसरा दिवस

सकाळी कळलं की इरफान दिवसभरात घराबाहेर फक्त एकदा पडतो. दुपारी तीनच्या सुमारास आंघोळ करतो, धुतलेला शर्ट घालतो आणि तीन गल्ल्या सोडून एका घरी जातो. अर्ध्या तासाने परत येतो.

"कुणाच्या घरी?" मी अंजुमला विचारलं.

"वच्छलाकाकूंच्या. गजूच्या आईच्या."

मी कपाळाला हात लावला. ज्या बाईचा मुलगा याच्या गाडीवर गेला, तिच्या दारात हा रोज जातो आणि ती त्याला येऊ देते? आमच्याकडे दोन कुटुंबांत एवढ्यात वकील येऊन बसले असते. मी म्हटलं, मीही जातो बरोबर; मग अंजुमही आमच्यासोबत निघाली.

वच्छलाबाईंचं घर शेतकऱ्याचं, बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी. अंगणात गाय, ओट्यावर तुरीच्या हिरव्या शेंगांचा ढीग. वच्छलाबाई साठीच्या, हाडापेराने मजबूत, आवाज खणखणीत. माझी ओळख करून दिल्यावर म्हणाल्या, "बसा सर. शेंगा सोला. रिकामे हात मले पाहावत नाहीत." मी मुकाट्याने सोलायला लागलो. इरफानही लागला. आणि मग त्या बाईने, शेंगेवरून नजर न काढता, विचारलं, "हं. काल कुठवर आल्तो आपन?"

"मेहकरच्या भायेर निंघालो होतो," इरफान म्हणाला.

"मंग?"

"मंग गजूनं गाडी थांबवली. धूळ लय होती. तोंडाले दुपट्टा बांधला त्यानं."

"कोन्ता?"

"तो हिरवा."

"हिरवा नोता. हिरवा म्या त्या दिवशी धुतला होता, दोरीवर होता. आठव बराबर."

इरफानने डोळे मिटले. "हाव. मातकट होता. बारीक चौकड्यायचा."

"मंग?"

"मंग म्हने, बे इरफान, माय भरीत करून ठेवन, तू बी चाल जेवाले. म्या म्हटलं, अम्मी वाट पाहून राह्यली. तं म्हने, अम्मीच्या इथलं बी खाजो, आमच्या इथलं बी खाजो, तुहं पोट कुठं भरते."

वच्छलाबाईंचे हात थांबले. "असं म्हने?"

"हाव."

"भरीतच केलं होतं म्या," त्या म्हणाल्या. मग पदराने नाक पुसलं, ताटलीतले दाणे सारखे केले आणि एकदम कोरड्या आवाजात म्हणाल्या, "बस. बाकीचं उद्या."

इरफान उठला, चपला घातल्या आणि चालू लागला. मी तसाच बसून होतो, हातात अर्धी सोललेली शेंग. मला आधी कळलंच नाही की मी काय ऐकलं. कळलं तेव्हा शेंग खाली ठेवली. ही बाई त्या मुलाकडून आपल्या पोराचा शेवटचा प्रवास वदवून घेत होती. सुलतानपूर ते डोणगाव. पस्तीसेक किलोमीटरचा रस्ता. अंजुमने नंतर सांगितलं, गजूची तेरवी झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, रोज थोडं थोडं. पोहे कुठे खाल्ले, पेट्रोल कुठे भरलं, कोण भेटलं, काय बोलला, कशाला हसला. अडीच महिन्यांत ते जेमतेम मेहकरच्या बाहेर आले होते.

"हा छळ आहे!" वाटेत मी अंजुमवर कडाडलो. "त्याच्या जखमेवरची खपली ही बाई रोज काढते आणि तुम्ही त्याला तिच्याकडे पाठवता?"

"मलाही सुरुवातीला तसंच वाटलं, सर," ती म्हणाली. "पण तो दुसऱ्या कुठल्याच कामासाठी आंघोळ करत नाही."

मी ते ऐकलं, पण ऐकून घेतलं नाही. रात्रीच्या जेवणाला मिरचीची भाजी होती. हिरव्या मिरच्या शिजवून, घोटून केलेली, इकडच्या हिवाळ्याची मोठी मेजवानी. मी पुणेरी अभिमानाने दोनदा वाढून घेतली आणि त्याचं प्रायश्चित्त भोगलं. रहीमचाचांनी पोटासाठी ओवा आणून दिला. पोटात आग आणि डोक्यात राग अशा अवस्थेत मी ठरवून टाकलं की या मुलाला त्या बाईच्या तावडीतून सोडवायचं.

तिसरा दिवस

सकाळी अंजुम शाळेत गेली. रहीमचाचा बाजारात गेले आणि जाताना मला म्हणाले, "सर, तुम्ही हाये ना इरफानजवळ?" मी म्हटलं, तुम्ही निर्धास्त जा.

इरफान भरलेल्या रजईला टाके घालत होता. तीन महिन्यांत त्याने पहिल्यांदा सुई हातात घेतली आहे, असं मला नंतर अंजुमकडून कळलं. तेवढंसुद्धा मला दिसलं नव्हतं. मी त्याच्यासमोर बसलो आणि म्हटलं, "इरफान, मनात जे कोंडलंय ते तुकड्या-तुकड्याने नाही, एकदाच सगळं बाहेर काढ. शेवटपर्यंत. मला सांग. मोकळा होशील."

त्याने सुई थांबवली. "शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

"काकू शेवटपर्यंत नाही आयकत."

"मी ऐकतो."

मी जे म्हणालो ते किती सहज म्हणालो, याचा मला आज धक्का बसतो. त्याने सांगितलं. मेहकरच्या पुढचा रस्ता, दोन्ही बाजूंना कापूस, मावळतीचं ऊन, गजूचं गाणं गुणगुणणं. आणि मग जमिनीकडे बघत, आवाज जवळजवळ नाहीसा करून, त्याने ते सांगितलं जे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. सुलतानपूरहून गाडी गजू चालवत होता. डोणगाव जवळ आल्यावर इरफानने त्याच्या पाठीत बुक्की मारली.

"म्या म्हटलं, बे गजू, बैलगाडी हाकलून राह्यला का? सरक, दे इकडे. तो हसला, सर. हसून खाली उतरला अन् मांगं बसला. माझी जागा त्यानं घेतली. त्याची म्या घेतली. दोन मिन्टं बी नाही झाले, अन् रोही."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने सुईतला दोरा तोडला, सुई नीट डबीत ठेवली, बाहेर जाऊन तोंड धुतलं. परत आला तेव्हा चेहरा शांत होता. इतका शांत की मला वाटलं, जिंकलो.

"संपलं सर," तो म्हणाला. "आता सांगाले काही नाही राह्यलं."

त्या दुपारी तो वच्छलाबाईंकडे गेला नाही. आंघोळही केली नाही. तीन वाजून गेल्यावर पलीकडच्या गल्लीतली एक बाई येऊन विचारून गेली, "वच्छलाकाकू इचारून राह्यली, इरफान काऊन नाही आला?" मीच पुढे होऊन सांगितलं की आता त्याची गरज नाही. अंजुमला मी अभिमानाने म्हटलं, आज त्याच्या खोलीत मी झोपतो, तू तीन महिने झोपली नाहीस, आज नीट झोप. बिचारी झोपली. गुरूवर विश्वास ठेवून झोपली.

चौथा दिवस

मी सात वाजता जागा झालो आणि शेजारचं अंथरुण रिकामं होतं.

पुढचा अर्धा तास मी कधी विसरणार नाही. पांघरूण घडी करून ठेवलेलं. मोबाइल उशाला. मी अंगणात धावलो, यंत्राच्या खोलीत बघितलं, मागच्या दारी बघितलं. मग अंजुमला हाक मारली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं; ती ओढणी सावरत रस्त्यावर पळाली. रहीमचाचा मशिदीतून परतत होते, ते भिंत धरून खालीच बसले. दहा मिनिटांत गल्ली जागी झाली. कोणी शेताकडे गेलं, कोणी स्टँडकडे, कोणी मोटारसायकल काढून अपघाताच्या जागेकडे सुटलं. कुणी कुणाला काही समजावून सांगितलं नाही. सगळ्यांना माहीत होतं काय करायचं ते. म्हणजे गेले तीन महिने सगळं गाव या सकाळची धास्ती घेऊन राहत होतं, आणि ती सकाळ आणली मी, पुण्याहून येऊन.

मला एकच सुचलं: वच्छलाबाईंना सांगायला हवं. मी त्यांचं पोर पाहिलं नव्हतं, आणि आता हे दुसरं माझ्या शहाणपणापायी गेलं, हे मीच जाऊन त्यांना सांगायचं. तीन गल्ल्या मी कशा ओलांडल्या, देव जाणे. अंजुम मला वाटेतच भेटली. आम्ही दोघं एकदमच त्या अंगणात शिरलो.

इरफान ओट्यावर बसला होता. समोर वच्छलाबाई. मधे शेंगा.

अंजुमने तोंडावर हात दाबून धरला आणि तिथेच मातीत बसली. मी दाराचा खांब पकडला. वच्छलाबाईंनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि हातानेच खूण केली, बसा, बोलू नका. गडी धावत आला तर त्याला म्हणाल्या, "सांगून दे जा सगळ्यायले, इथं हाय." मग इरफानकडे वळल्या. "हं."

इरफानचा आवाज घोगरा झाला होता. "काकू, काल म्या सरायले सगळं सांगून टाकलं. तुले नाही सांगतलं. ते बरं नाही. आज म्या शेवटपर्यंत सांगतो अन् जातो."

कुठे जातो, हे त्याने सांगितलं नाही. विचारायची गरजही नव्हती.

"सांग," वच्छलाबाई म्हणाल्या.

"गाडी म्या मांगतली, काकू. गजू हळूच चालवत होता. म्या म्हटलं सरक, मी चालवतो. म्या त्याले मांगं बसवलं."

वच्छलाबाई शेंगा सोलत राहिल्या. एक, दोन, तीन.

"मालूम हाय मले," त्या म्हणाल्या.

इरफानने मान वर केली. मीही. त्या बाईच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दया नव्हती, काही नव्हतं. कामातल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं तेवढंच होतं.

"घरून निंघाले तवा गाडी गजूनं काढली, म्या या डोयानं पाह्यलं. दवाखान्यात आननाऱ्यायनं सांगतलं, गजू मांगं बसेल होता. मंग मधात कुठं तरी जागा बदललीच ना? एवढं नाही समजत का मले? पयल्याच दिवशी समजलं. पयले आठ दिवस म्या तुले काय काय शिव्याशाप देल्ले, ते माह्या देवाले मालूम."

"मंग..." इरफान पुढे सरकला. "मंग तुले मालूम होतं तं रोज काऊन आयकत होती?"

"तू येत होता म्हनून."

मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी इतका हादरलो नसेन. बाहेर कुठेतरी ट्रॅक्टर चालू होत होता, गाय शेपटी मारत होती, आणि मी खांबाला धरून उभा होतो, आणि मला रडू आवरत नव्हतं. मी ज्याला छळ म्हटलं होतं, तो या बाईने हाताने धरून ठेवलेला दरवाजा होता. रोज इतकंच सांगायला लावायचं की उद्या यावं लागेल. तिला ऐकायचं काही नव्हतंच. आणि मी येऊन एका सकाळीत ते सगळं संपवून टाकलं होतं.

इरफानने तोंड गुडघ्यांत घातलं होतं. खांदे गदगदत होते. रडणं ओसरल्यावर तो तसाच, खाली बघत म्हणाला, "आता संपलं, काकू. उद्या येऊन काय सांगू?"

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या चारही बाजूंत नव्हतं. अंजुमने माझ्याकडे पाहिलं आणि मी नजर चुकवली. वच्छलाबाईंनी मात्र ताटली बाजूला सरकवली आणि भडकल्या. खरोखर भडकल्या, आई भडकते तशा.

"संपलं म्हन्ते! एका दिवसाचं सांगतलं तुनं. एका दिवसाचं! बाकीचे बत्तीस वर्स कोन सांगन, तुहा बाप? घरात तं तो मुका होता माह्याजवळ. शायेत काय करत होता, कोनाच्या वावरात जाऊन ऊस खाल्ला, मले कधी काही सांगतलं त्यानं? दहावीत तीन दिवस घरून पयाले होते तुम्ही दोघं. कुठं गेल्ते?"

इरफानने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं. "ते... ते तं लय मोठी गोष्ट हाय, काकू."

"मंग मोठी सांग. पन ते मंग. पयले पयलीपासून. काही सोडू नको, मले समजते सोडलं तं."

शेंगांच्या ढिगातली एक शेंग त्याने उचलली, उगाच फिरवली, सोलली. मग खाकरून म्हणाला, "पयलीत आमच्या दोघायत एकच पाटी होती. माही फुटली होती. गजू म्हने, वरच्या अंगानं तू लिह्य, खालच्या अंगानं मी."

"ते मले मालूमच नाही," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि पाय पसरून बसल्या.

मीही कान टवकारून ओट्याच्या कडेला टेकलो. तेवढ्यात त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"सर, तुम्ही च्या पेले का?"

"नाही अजून."

"मंग अंजुमच्या घरी जाऊन प्या. हे आमचं दोघायचं हाय."

मला राग यायला हवा होता; आला नाही. मी उठलो, अंजुमला हात देऊन उठवलं, आणि आम्ही बाहेर आलो. त्याच दुपारी मी मलकापूरची एसटी धरली. निघताना रहीमचाचांनी माझ्या हातात एक छोटी रजई दिली आणि मी तिच्यात तोंड लपवून, रस्त्यावर, सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "सर, पोरगा आज आंघोळ करून जेवला." एवढंच.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, काय शिकवलंत? मी तिला सगळं सांगितलं. काही सोडलं नाही. तिने माझं ऐकता ऐकता दोनदा चहा केला.

याला आता महिना होत आला. परवा अंजुमचा फोन आला होता. इरफानच्या गोळ्या चालू आहेत, सकाळी थोडा वेळ रजया भरतो, काही दिवस वाईट जातात, काही बरे. मी घाबरत घाबरत विचारलं, अजून जातो का तीन वाजता?

"जातो, सर," ती म्हणाली. "ते अजून तिसरीतच आहेत."